पाणी निवळणारे नैसर्गिक पॉलिमर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गढूळ पाणी नुसते ठेवून दिले तर ते आपोआप का निवळत नाही?

थोडे निवळते, पण पूर्ण निवळत नाही. याचे कारण कणांच्या आकारात आणि त्यांच्यावरील विद्युतभारात आहे. वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो. तेवढ्याच घनतेचा, पण १ मायक्रोमीटर आकाराचा मातीचा कण तेच अंतर कापायला जवळजवळ दोन आठवडे घेतो, कारण तळाशी बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. त्याहून लहान कलिल कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात सतत हलत राहतात आणि तळ गाठतच नाहीत. शिवाय माती, शेवाळ, जिवाणू आणि कुजलेल्या वनस्पतींतून येणारी ह्युमिक द्रव्ये यांच्या पृष्ठभागावर बहुधा ऋणभार असतो, त्यामुळे हे कण एकमेकांना दूर सारतात. हा दुरावा मोडून कणांना एकत्र आणणारे द्रव्य म्हणजे कोॲग्युलंट आणि एकत्र आलेल्या बारीक गुठळ्यांचे मोठे, जड फ्लॉक बनवणारे द्रव्य म्हणजे फ्लॉक्युलंट. अनेकदा एकच द्रव्य दोन्ही कामे करते, म्हणून पुढील उत्तरांत जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथेच तो केला आहे.

नैसर्गिक पॉलिमर कोॲग्युलंट कशाला म्हणतात?

वनस्पती, प्राणी, बुरशी किंवा समुद्री शैवाल यांच्यापासून मिळणाऱ्या आणि पाण्यातील कण एकत्र आणू शकणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंना हे नाव आहे. त्यांत शेवग्याच्या बियांतील प्रथिने, निवळीच्या बियांतील पॉलिसॅकराइड, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनणारे कायटोसान, झाडांच्या सालींतील टॅनिन, स्टार्च, गवारीचा डिंक, अल्जिनेट आणि निवडुंग किंवा भेंडीतील बुळबुळीत द्रव्य यांचा समावेश होतो. या यादीतील द्रव्ये रासायनिक दृष्ट्या एकमेकांपासून फार वेगळी आहेत. काहींवर धनभार असतो, काहींवर ऋणभार, तर काही जवळजवळ भाररहित असतात. म्हणून ‘नैसर्गिक कोॲग्युलंट चालतात का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कोणते द्रव्य आणि कोणत्या पाण्यात, हे आधी विचारावे लागते.

ही द्रव्ये नेमके काय करतात?

मुख्यतः दोन गोष्टी. धनभारित रेणू ऋणभारित कणाला चिकटून त्याचा भार शमवतो, किंवा कणाच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी धनभाराचे ठिगळ तयार करतो आणि शेजारच्या कणाचा मोकळा ऋणभारित भाग त्या ठिगळाकडे ओढला जातो. शेवग्याचे प्रथिन लहान असल्यामुळे त्याचे काम बहुतांशी असेच चालते. दुसरी गोष्ट म्हणजे पूल बांधणे : लांब साखळीचे एक टोक एका कणाला आणि दुसरे टोक दुसऱ्या कणाला चिकटते आणि त्यातून जाळीदार फ्लॉक उभा राहतो. कायटोसान भार शमवण्याचे आणि पूल बांधण्याचे काम एकाच वेळी करते, तर गवारीच्या डिंकासारखी द्रव्ये केवळ पुलाचे काम करतात.

तुरटीकडे मात्र एक तिसरा मार्ग असतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जिलेटिनसारखा साका पाण्यातच तयार होतो आणि खाली बसताना वाटेतील कणांना कवेत घेऊन जातो. नैसर्गिक पॉलिमर असा साका बनवत नाहीत. पाणी फारसे गढूळ नसेल तर कण विरळ असतात, त्यांची एकमेकांशी टक्कर क्वचितच होते आणि अशा वेळी तुरटीचा हा साका फार उपयोगी पडतो. नैसर्गिक द्रव्यांच्या बऱ्याच मर्यादा या एका फरकातून येतात.

तुरटी इतकी वर्षे वापरात आहे, तर मग पर्याय शोधायचा कशाला?

तुरटी स्वस्त आहे, तिचा अनुभव मोठा आहे आणि ती बहुतेक पाण्यांत चालते. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. तिच्या अडचणी मात्र ठोस आहेत. १ मिलिग्रॅम तुरटी पाण्यातील सुमारे ०.५ मिलिग्रॅम अल्कता (म्हणजे आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता), कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, खाऊन टाकते. पाण्यात अल्कता कमी असेल तर सामू (पीएच) घसरतो आणि चुना किंवा सोडा घालावा लागतो. तुरटीचे काम साधारण ६ ते ७.५ सामूच्या पट्ट्यात चांगले होते. त्या पट्ट्याबाहेर विरघळलेले ॲल्युमिनियम पाण्यात जास्त उरते. पाणी फार थंड असेल तर फ्लॉक हळू बनतो आणि हलका राहतो. शिवाय प्रत्येक किलो तुरटीमागे, पाण्यातला मूळ गाळ न मोजता, सुमारे पाव किलो कोरडा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो. हा गाळ पाणी धरून ठेवणारा असल्यामुळे निचरायला त्रासदायक ठरतो. नैसर्गिक पॉलिमर अल्कता जवळजवळ खात नाहीत आणि धातूचा गाळ निर्माण करत नाहीत. त्यांच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे हेच आहेत.

तुरटीमुळे स्मृतिभ्रंश होतो, हे खरे आहे का?

नेहमीच्या प्रमाणात तुरटी वापरून शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यामुळे अल्झायमर होतो, असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. शंकेला काही पार्श्वभूमी नक्की आहे. १९७० च्या दशकात डायलिसिसवरील रुग्णांच्या मेंदूला डायलिसिसच्या द्रावणातील ॲल्युमिनियममुळे इजा झाल्याचे आढळले. पण तिथे ॲल्युमिनियम आतड्याचा अडसर टाळून थेट रक्तात जात होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नव्हती. जुलै १९८८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कॅमलफर्डजवळ सुमारे २० टन ॲल्युमिनियम सल्फेट (पाणीपुरवठ्यातली तुरटी) चुकीच्या टाकीत ओतले गेले आणि ते नळांतून घरोघरी पोहोचले. तो अपघात होता, नेहमीच्या शुद्धीकरणाचा परिणाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने नीट चालणाऱ्या मोठ्या केंद्रांसाठी उरलेल्या ॲल्युमिनियमची व्यवहार्य पातळी ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि छोट्यांसाठी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मानली आहे. भीती दाखवून नैसर्गिक पर्यायाचा प्रचार करण्याची गरज नाही. त्याच्या बाजूने याहून चांगली कारणे आहेत.

कृत्रिम पॉलिमर आधीपासूनच आहेत. त्यांच्याऐवजी नैसर्गिक का?

पॉलिॲक्रिलामाइड आणि पॉलिडॅडमॅक ही कृत्रिम द्रव्ये अत्यंत कमी मात्रेत काम करतात, त्यांची गुणवत्ता एकसारखी असते आणि त्यांना टक्कर देणे सोपे नाही. आक्षेप आहे तो त्यांत उरलेल्या मोनोमरवर, म्हणजे साखळीत न जोडल्या गेलेल्या सुट्या मूळ रेणूंवर. पॉलिॲक्रिलामाइडचा मोनोमर ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना त्याचे प्रमाण ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंतच मान्य करते. युरोपीय संघाची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे. पॉलिडॅडमॅक जास्त झाले आणि पुढे क्लोरामाइनने निर्जंतुकीकरण केले तर एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य तयार होऊ शकते. शिवाय ही पॉलिमर निसर्गात फार हळू विघटित होतात. कायटोसान आणि कॅटायनिक (धनभारित केलेले) स्टार्च यांची खरी स्पर्धा तुरटीपेक्षा या कृत्रिम पॉलिमरशी आहे, ही गोष्ट चर्चेत बहुधा निसटून जाते.

शेवग्याच्या बियांबद्दल एवढे बोलले जाते. त्यात तथ्य किती?

बरेच आहे. सुदानमधील स्त्रिया नाईलचे गढूळ पाणी बियांच्या पुडीने निवळत, हे सामिया अल अझारिया जान यांनी नोंदवल्यानंतर या विषयाकडे संशोधकांचे लक्ष गेले. पुढे मलावीतील थायोलो येथे शुद्धीकरण केंद्राच्या पातळीवर त्याच्या चाचण्या झाल्या. १९९० च्या दशकात बियांतील क्रियाशील घटक वेगळा केला गेला तेव्हा ते लहान, भरपूर धनभार असलेले प्रथिन निघाले. त्याचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या सामूला रेणूवरील एकूण भार शून्य होतो तो बिंदू) १० च्या वर असल्यामुळे नेहमीच्या पाण्याच्या सामूला ते धनभारितच राहते. त्यामुळे तुरटीसारखा सामू सांभाळत बसावे लागत नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पाण्याची गढूळता ५० एनटीयूपेक्षा (एनटीयू हे गढूळता मोजण्याचे एकक) कमी असेल तर शेवग्याचा परिणाम रोडावतो; गढूळता जास्त असेल तेव्हा तो उत्तम दिसतो. बियांच्या वजनातील थोडाच भाग हे प्रथिन असते. उरलेले तेल, इतर प्रथिने आणि कर्बोदके पाण्यात जातात आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. त्यावर काही उपाय निघाले आहेत. तेल आधी काढून घेतले तरी उरलेल्या पेंडीत कोॲग्युलंट शाबूत राहते, त्यामुळे तेल विकून पेंड वापरता येते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात साध्या पाण्याऐवजी मिठाच्या द्रावणात अर्क काढला तेव्हा गढूळता घालवण्यासाठी साध्या अर्काच्या सातव्या हिश्श्याहून कमी मात्रा पुरली, कारण मिठामुळे प्रथिन अधिक विरघळते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये हे प्रथिन वाळूच्या कणांवर चिकटवून बाकीचे सेंद्रिय द्रव्य धुऊन टाकण्याची पद्धत मांडली. आम्हाला ही दिशा सर्वांत आश्वासक वाटते, कारण ती गुण वापरते आणि दोष पाण्यात येऊ देत नाही.

शेवग्याच्या बिया घरच्या घरी वापरायच्या असतील तर कशा वापराव्यात?

शेंगा झाडावरच पूर्ण पिकून वाळलेल्या असाव्यात. भाजीच्या हिरव्या शेंगांतील कोवळे बी चालत नाही. बियांचे टरफल काढून आतील पांढरा गर घ्यावा आणि त्यातले पिवळे-तपकिरी पडलेले किंवा बुरशी लागलेले दाणे टाकून द्यावेत. गर बारीक कुटून थोड्या स्वच्छ पाण्यात पाच मिनिटे जोरात हलवावा आणि कापडातून गाळून घ्यावा. हा दुधाळ अर्क गढूळ पाण्यात ओतून एक मिनिट वेगाने आणि मग दहा मिनिटे अगदी सावकाश ढवळावे. त्यानंतर भांडे न हलवता एक-दोन तास ठेवून वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात काढावे. प्रमाणाचा अंदाज असा : गढूळता ५० एनटीयूच्या आत असेल तर लिटरला १० ते ५० मिलिग्रॅम, ५० ते १५० असेल तर ३० ते १०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे ५० ते २०० मिलिग्रॅम पूड. एका गराचे वजन साधारण ०.२ ग्रॅम असते, म्हणजे फारच गढूळ पाण्याला लिटरमागे एक बी पुरते.

यानंतरचे पाणी स्वच्छ दिसते, पण पिण्यायोग्य झालेले नसते. ते उकळावे किंवा त्याचे क्लोरिनने निर्जंतुकीकरण करावे आणि त्याच दिवशी वापरून टाकावे. साठवलेल्या पाण्यात उरलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणूंचे खाद्य ठरते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची संख्या पुन्हा वाढू लागते. अर्कही ताजाच करावा. पुडीपेक्षा टरफलासकट बी जास्त टिकते.

निवळीच्या बिया वापरणे सुरक्षित आहे का?

निवळीचा उपयोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळणाऱ्या द्रव्यांमध्ये ‘कतक’ या नावाने तिचा उल्लेख येतो. तिच्या बियांतील पॉलिसॅकराइड ऋणभारित गट बाळगतात, त्यामुळे एकट्या वापरापेक्षा तुरटीच्या जोडीला किंवा कॅल्शियम भरपूर असलेल्या कठीण पाण्यात त्यांचे काम अधिक चांगले होते. सावधगिरी एका वेगळ्याच कारणासाठी बाळगावी लागते. अत्यंत विषारी कुचला निवळीच्याच वनस्पती-प्रजातीगटातला आहे आणि दोन्हींच्या बिया चपट्या-गोल असतात. ज्याला ओळख पटत नाही त्याने जंगलातून आणलेले बी पाण्यात घालू नये.

कायटोसानचे वेगळेपण कशात आहे?

नैसर्गिक पॉलिमरांमध्ये कायटोसान हे सर्वांत बहुगुणी द्रव्य म्हणावे लागेल. कायटिन १८११ मध्ये आंरी ब्राकोनो यांना अळंब्यांत सापडले आणि त्यापासून कायटोसान १८५९ मध्ये शार्ल रूजे यांनी बनवले. आज ते मुख्यतः कोळंबी आणि खेकड्यांच्या टाकाऊ कवचांपासून तयार होते. त्याच्या साखळीवर जागोजागी अमाइन गट असतात. सामू साधारण ६.५ च्या खाली गेला की ते धनभारित होतात. म्हणून कायटोसान सौम्य आम्लात विरघळते, सामान्य पाण्यात विरघळत नाही. लिटरमागे काही मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी मात्रा पुरते. माती, शेवाळ, रंगद्रव्ये आणि काही जड धातूंचे आयन अशा अनेक गोष्टींना ते पकडते.

इथे एक छोटा हिशेब करून पाहावा, कारण तो माहितीपत्रकांत सहसा दिलेला नसतो. कायटोसान बहुधा १ टक्का ॲसेटिक आम्लात १ टक्का असे विरघळवतात. म्हणजे पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम कायटोसान दिले की सोबत २ मिलिग्रॅम ॲसेटिक आम्लही जाते. त्यात सुमारे ०.८ मिलिग्रॅम कार्बन असतो आणि तो जिवाणूंना सहज पचणारा कार्बन असतो. कायटोसान फ्लॉकबरोबर तळाशी बसते. आम्ल मात्र पाण्यातच राहते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात द्रावण केले तर ही अडचण टळते.

कवचांपासून कायटोसान बनवताना हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अतितीव्र, गरम कॉस्टिक सोडा लागतो, हेही लक्षात ठेवावे. कारखान्याचे सांडपाणी हिशेबात धरल्यावर ‘हरित’ हे विशेषण थोडे फिके पडते. कवचयुक्त जलचरांची ॲलर्जी असलेल्यांसाठी बुरशीपासून बनवलेल्या कायटोसानचा पर्याय आहे. वाइन निवळण्यासाठी युरोपीय संघात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासूनचे कायटोसान वापरण्याची परवानगी आहे.

टॅनिनपासूनचे कोॲग्युलंट खरोखर बाजारात आहेत का?

आहेत, आणि व्यावसायिक दृष्ट्या हा गट शेवग्याच्या पुष्कळ पुढे आहे. ब्लॅक वॅटल या बाभळीच्या जातीच्या सालीतून टॅनिन काढतात. मूळ टॅनिन ऋणभाराकडे झुकलेले असते, म्हणून फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन किंवा अमोनियम क्लोराइड यांच्याशी मॅनिख अभिक्रिया घडवून त्यावर धनभार बसवला जातो. ब्राझीलमध्ये अशी उत्पादने पाणी आणि सांडपाणी या दोन्हींसाठी वापरली जातात. मात्र प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड असल्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी घेताना उत्पादनात ते किती उरले आहे याची चाचणी मागितलीच पाहिजे. टॅनिनची मात्रा वाढली की पाण्याला तपकिरी छटा येऊ शकते.

स्टार्च, गवारीचा डिंक आणि अल्जिनेट यांचे काय?

ही मुख्यतः साहाय्यक द्रव्ये आहेत. साध्या स्टार्चवर भार नसतो. त्याला चतुर्थक अमोनियम गट जोडले की कॅटायनिक स्टार्च बनते आणि मग ते स्वतंत्रपणे काम करू शकते. अल्जिनेटला कॅल्शियम लागते. गवारीचा डिंक तुरटीने बनवलेला फ्लॉक मोठा आणि जड करतो.

नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असे मानायला हरकत आहे का?

हरकत आहे. या विषयातील बहुतेक गैरसमज याच गृहीतकातून उगवतात. नैसर्गिक कोॲग्युलंटचा मुख्य धोका विषारीपणाचा नसून पाण्यात उरणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा आहे. समजा लिटरमागे १०० मिलिग्रॅम बियांची पूड दिली आणि त्यातला पाचवा भागच विरघळून पाण्यात उरला, तरी ते २० मिलिग्रॅम सेंद्रिय द्रव्य झाले, म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम कार्बन. अनेक नद्यांच्या पाण्यात मुळात असलेला सेंद्रिय कार्बन याहून कमी असतो. गढूळपणा घालवताना आपण दुसरेच काही घालून बसलो, असा त्याचा अर्थ.

क्लोरिन या उरलेल्या सेंद्रिय द्रव्याशी अभिक्रिया करते. त्यामुळे क्लोरिन जास्त लागते आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी उपद्रवी द्रव्ये तयार होऊ शकतात. ही द्रव्ये क्लोरिन आणि नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य यांच्या अभिक्रियेतून बनतात हे रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. म्हणून नैसर्गिक कोॲग्युलंटची चाचणी करताना केवळ गढूळता मोजून थांबणे ही अर्धवट चाचणी होय. आधी आणि नंतरचा विरघळलेला सेंद्रिय कार्बन, क्लोरिनची मागणी आणि चोवीस तासांनंतरची जिवाणूंची संख्या मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

योग्य मात्रा कशी ठरवावी?

जार टेस्टने. पुस्तकातील मात्रा केवळ सुरुवात कुठून करावी हे सांगते. एकसारख्या सहा भांड्यांत तेच कच्चे पाणी प्रत्येकी एक लिटर घ्यावे. कोॲग्युलंटचे १ टक्क्याचे द्रावण करून ठेवावे. त्याचा १ मिलिलिटर एका लिटरमध्ये घातला की १० मिलिग्रॅमची मात्रा होते. सहा भांड्यांत चढत्या मात्रा देऊन मिनिटाला १०० ते २०० फेऱ्यांनी एक मिनिट, मग २० ते ४० फेऱ्यांनी पंधरा ते वीस मिनिटे ढवळावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. वरच्या थरातील पाण्याची गढूळता, सामू आणि शक्य असेल तर सेंद्रिय कार्बन मोजावा. पॉलिमरच्या बाबतीत सुरुवातीचे वेगवान ढवळणे विशेष महत्त्वाचे असते, कारण साखळी ज्या कणाला पहिल्यांदा भेटते त्याला चिकटून बसते. द्रावण नीट पसरले नाही तर काही कणांना जास्त आणि काहींना काहीच मिळत नाही.

पाणी ऋतुमानानुसार बदलते. कोरड्या दिवसांत ठरवलेली मात्रा पुराच्या पाण्याला लागू होत नाही.

मात्रा जास्त झाली तर पाणी अधिक स्वच्छ होते का?

नाही, उलट पुन्हा गढूळ होऊ शकते. धनभारित पॉलिमर गरजेपेक्षा जास्त झाला की कणांचा ऋणभार शमून त्यांवर धनभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. पूल बांधणाऱ्या पॉलिमरच्या बाबतीत प्रत्येक कण साखळ्यांनी पूर्ण झाकला जातो आणि दुसऱ्या कणाच्या साखळीला चिकटायला जागाच उरत नाही. तुरटीच्या जास्त मात्रेत साका वाढून काम कसेबसे निभते. पॉलिमर तेवढी सवलत देत नाहीत.

मग तुरटी पूर्णपणे बंद करता येईल का?

काही ठिकाणी येईल, बहुतेक ठिकाणी आज तरी येणार नाही. मातकट, जास्त गढूळ पाणी, छोटी मागणी, रसायनांचा अनिश्चित पुरवठा आणि त्याच दिवशी होणारा वापर अशी परिस्थिती असेल तर शेवग्यासारखे द्रव्य एकट्याने काम निभावू शकते. कमी गढूळ पण ह्युमिक द्रव्यांनी रंगीत झालेले पाणी असेल, किंवा निर्जंतुकीकरणापूर्वी १ एनटीयूपेक्षा कमी गढूळता रोजच्या रोज गाठायची असेल, तर धातूच्या क्षाराशिवाय भागणे कठीण आहे.

आमच्या मते आजचा सर्वांत व्यवहार्य वापर जोडीचा आहे : तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड (ॲल्युमिनियमचेच दुसरे कोॲग्युलंट) भार शमवील इतक्याच मात्रेत द्यावे आणि तीस सेकंद ते दोन मिनिटांनी कायटोसान किंवा कॅटायनिक स्टार्च थोड्या मात्रेत द्यावे. यातून धातूची मात्रा घटते, अल्कता वाचते, फ्लॉक लवकर बसतो आणि नैसर्गिक पॉलिमरची मात्रा अल्प असल्यामुळे सेंद्रिय द्रव्याची अडचणही आटोक्यात राहते. पर्याय म्हटले की एक काढून दुसरे घालायचे अशी कल्पना मनात येते. ती बाजूला ठेवली तर बरेच काही साध्य होते.

या द्रव्यांनी जंतू मरतात का? आर्सेनिक, फ्लोराइड, खारटपणा जातो का?

कणांना चिकटलेले बरेच जिवाणू फ्लॉकबरोबर तळाशी जातात. शेवग्याच्या बाबतीत ९० ते ९९ टक्के घट नोंदली गेली आहे. ऐकायला हे मोठे वाटते, पण लिटरमध्ये दहा लाख जिवाणू असतील तर ९९ टक्के घटीनंतरही दहा हजार उरतात. त्यामुळे निर्जंतुकीकरण टाळता येत नाही. विरघळलेले क्षार आणि कठीणपणा यांवर परिणाम होत नाही. फ्लोराइड आणि आर्सेनिक यांच्यासाठी या द्रव्यांवर विसंबू नये. आर्सेनिकसाठी लोहाचे क्षार कितीतरी प्रभावी आहेत. फॉस्फेट काढायचे असेल तरीही ॲल्युमिनियम किंवा लोहाचे क्षार अधिक उपयोगी पडतात.

गाळाचे काय करायचे?

शेवग्यापासून तयार होणाऱ्या गाळाचे आकारमान तुरटीच्या गाळाच्या केवळ चौथ्या-पाचव्या भागाइतके असल्याचे १९९५ च्या एका अभ्यासात आढळले. धातू नसल्यामुळे तो कंपोस्टमध्ये किंवा जमिनीत देण्याचा विचार करता येतो, मात्र कच्च्या पाण्यात जड धातू किंवा औद्योगिक प्रदूषण असेल तर ते गाळातच जमा झालेले असते. शेवग्याचा गाळ सडतो आणि वास मारतो, म्हणून तुरटीच्या गाळासारखा तो महिनोन्‌महिने टाकीत ठेवता येत नाही.

खर्चाची तुलना कशी करावी?

किलोच्या भावाने करू नये. एक हजार लिटर पाणी ठरलेल्या गुणवत्तेचे करायला एकूण किती लागले हे मोजावे आणि त्यात सामू सुधारण्याचा चुना, जास्तीचे क्लोरिन, गाळाची विल्हेवाट आणि साठवण धरावी. पुरवठ्याचाही विचार करावा. रोज दहा लाख लिटर पाण्याला १०० मिलिग्रॅम दराने बियांची पूड द्यायची तर रोज १०० किलो गर, म्हणजे सुमारे पाच लाख बिया लागतील, आणि त्याही वर्षभर सारख्या प्रतीच्या. गावाच्या पातळीवर सहज जमणारी गोष्ट शहराच्या केंद्रावर का अडते, हे या एका आकड्यावरून कळते.

शोधनिबंधांत ९५-९९ टक्के गढूळता गेल्याचे आकडे असतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?

आकडे बहुधा खरे असतात. प्रश्न ते कोणत्या पाण्यातले आहेत हा असतो. पुष्कळ प्रयोग नळाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात केओलिन माती घालून केलेल्या कृत्रिम गढूळ पाण्यावर झालेले असतात. त्यात ह्युमिक द्रव्ये नसतात, शेवाळ नसते, गढूळता हवी तेवढी जास्त ठेवलेली असते, आणि नैसर्गिक पॉलिमरला हे सगळे अनुकूलच पडते. टक्केवारीही फसवी असते : ३०० एनटीयूचे पाणी ९८ टक्के निवळले तरी ६ एनटीयू उरते आणि ते पिण्याच्या पाण्याच्या उद्दिष्टाबाहेरच राहते. म्हणून शेवटी किती उरले हा आकडा आधी शोधावा. सेंद्रिय कार्बन मोजलेला नसेल तर तो निबंध पिण्याच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही असे समजावे.

सांडपाण्यासाठी ही द्रव्ये जास्त योग्य आहेत का?

अनेकदा होय. सांडपाण्यावर पुढे जैविक प्रक्रिया होणार असेल तर थोडे वाढलेले सेंद्रिय द्रव्य अडचण ठरत नाही. कापड उद्योगातील रंग, अन्नप्रक्रिया उद्योगातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने, तसेच पाण्यातून शेवाळ गोळा करणे यांसाठी कायटोसान आणि टॅनिन चांगले काम देतात. अन्नप्रक्रियेच्या सांडपाण्यातून मिळालेला प्रथिनयुक्त गाळ धातूविरहित असल्यामुळे त्याचा पुनर्वापर करण्याची शक्यताही उरते.

प्रक्रिया केलेले पाणी नदीत किंवा तळ्यात सोडले तर माशांना धोका असतो का?

धनभारित पॉलिमर, मग तो कृत्रिम असो की नैसर्गिक, पाण्यात मोकळा उरला तर माशांच्या ऋणभारित कल्ल्यांना चिकटतो आणि श्वसनात अडथळा आणतो. कायटोसान खाण्यात निरुपद्रवी असले तरी रेनबो ट्राउटसारख्या माशांवर त्याचे हानिकारक परिणाम प्रयोगांत दिसले आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बांधकामाच्या जागेवरील पावसाचे गढूळ पाणी कायटोसानने निवळून वाळूच्या फिल्टरमधून सोडण्याची पद्धत आहे आणि तिथे बाहेर पडणाऱ्या पाण्यात कायटोसान उरले आहे का हे तपासणे पद्धतीचाच भाग मानले जाते. मात्रा जार टेस्टमधील इष्टतम बिंदूच्या किंचित खाली ठेवावी आणि शेवटी फिल्टर असावा. फ्लॉकला चिकटलेला पॉलिमर मग वाळूतच अडतो आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात तो फारसा उरत नाही.